शंभर पाण्यांचं तूप

माझी कातडी लहानपणापासून नखरेल आहे. साताऱ्याला आमच्या घरामागे पेरूचं झाड होतं. त्याखाली खेळताना भावाला मुंगी चावली तर तो घटकाभरात विसरून जायचा, मला मात्र ती आठवडाभर आठवत राहायची. चावलं तिथं पुरीसारखं फुगणार, लाल होणार, खाजवलं की फुटणार, फुटलं की चिघळणार आणि जाताना काळा डाग ठेवून जाणार. आई म्हणायची, डासांनाही कळतं कुणाच्या घरी जेवायला जावं. दुकानातल्या मलमांचं तर विचारूच नका. ज्याला छान वास, ते लावलं की चावणं परवडलं असं वाटायचं.

अशी मी लग्न करून आले ती थेट तासगावजवळच्या द्राक्षवाल्यांच्या घरात. नवरा पलटणीत, सुट्टी मिळेल तेव्हा येणारा. घरात सासू, सासरे आणि मी. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. मामाही पलटणीतूनच निवृत्त झालेले, त्यामुळे घरात चहासुद्धा वेळेवर होतो. मी तासगावात शाळेत गणित शिकवते आणि उरलेल्या वेळात बागेत जाते. बागेत जायची सक्ती कुणी केली नव्हती, मलाच हौस होती. त्या हौसेची किंमत माझ्या हातापायांनी मोजली. बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर जे म्हणून उडतं, रांगतं आणि चावतं, त्या सगळ्यांनी नव्या सुनेची ओटी भरली. बागेत कामाला येणाऱ्या बायका हसून म्हणायच्या, मास्तरीणबाई लोण्याच्या हायत्या, उन्हात ठेवू नका.

आत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांना माझ्या हातावरचे ते फुगे बघवायचे नाहीत. शेवटी त्याच मला घेऊन सांगलीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी एक ट्यूब दिली आणि बजावलं, हे औषध थोडेच दिवस लावायचं, रोज चोपडत बसायचं नाही. मग समजावून सांगितलं की माझ्या कातडीचं वरचं आवरणच कमजोर आहे. बाहेरचं नको ते आत शिरतं आणि आतलं पाणी बाहेर उडून जातं. म्हणून तिला रोज काहीतरी साधं, बिनवासाचं, ओशट लावत जा. हे सगळं माझ्यापेक्षा आत्यांनीच जास्त लक्ष देऊन ऐकलं. परतीच्या एसटीत त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. वाटेत कवठेएकंद गाव आल्यावर म्हणाल्या, "साधं ओशट म्हंजी तूपच की गं."

त्यांना धुतलेलं तूप आठवलं होतं. त्यांच्या आईनं कधीकाळी भाजलेल्या पोराला लावायला केलं होतं म्हणे. पद्धत ऐकायला सोपी आहे. घरचं तूप काशाच्या परातीत घ्यायचं, त्यात थंड पाणी घालायचं आणि तळहातानं गोल गोल फेसत राहायचं. पाणी गढूळ झालं की निथळून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा फेसायचं. असं शंभर पाण्यांनी. पिवळं रवाळ तूप हळूहळू पांढरं होतं, मऊ होतं, त्याचा वास जातो, आणि शेवटी हाताला लागतं ते तूप नसतं, गार मलई असते. शंभर हा आकडा मोजायचं काम मामांकडे दिलं होतं. ते खुर्चीत बसून मोठ्या आवाजात मोजायचे आणि विसाच्या आसपास घोरायला लागायचे.

हे सगळं सुरू झालं नेमकं ऐन हंगामात. आमच्या द्राक्षांचा बराचसा बेदाणा होतो. तोडलेले घड जाळीच्या क्रेटमध्ये भरून मोठ्या टबात बुडवायचे आणि मग शेडमधल्या रॅकवर पसरायचे, असा तो धंदा. टबातल्या पाण्यात एक पावडर आणि डिपिंग ऑइल घातलेलं असतं. हे तेल पाण्यात ओतलं की पाणी क्षणात दुधासारखं होतं. घड का बुडवतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं, सगळे बुडवतात म्हणून आम्हीही बुडवत होतो. टबाचं माप आत्यांच्या हातात होतं. पाण्यात बोटं फिरवून त्या सांगायच्या, अजून थोडं तेल पाहिजे. शेजारचे शेडवालेही त्यांना बोलवून न्यायचे.

त्या दिवशी त्या सकाळपासून टबापाशी उभ्या होत्या. संध्याकाळी घरी आल्या, तर मला पायाला कसलीशी अळी लागून नडगीभर गांधी उठलेल्या. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही, परात पुढ्यात ओढली आणि तूप फेसायला बसल्या. हात भरून आले तरी तूप पिवळंच. मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. थोड्या वेळानं आत्या आल्या त्या हसत. वाटीत शुभ्र पांढरी मलई होती, इतकी सुंदर की मी म्हटलं, आत्या, आवं ही तर दुकानातल्यापेक्षा भारी झालीय. त्या लाजल्या. त्यांनी स्वतः माझ्या दोन्ही नडग्यांना आणि हातांना ती हळुवार लावली आणि मी झोपले.

सकाळी उठले ती आग होतेय म्हणून. जिथं जिथं मलई लागली होती, तिथं कातडी लालभडक होऊन बारीक फोड आले होते. पायाला चादर लागली तरी जीव जात होता. आत्यांनी बघितलं आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. मामांनी गाडी काढली आणि आम्ही तडक सांगली गाठली.

डॉक्टरीणबाईंनी हात बघितले, पाय बघितले, आणि विचारलं, हे कुणी लावलं. मी म्हटलं, सासूबाईंनी. काय लावलं, तर तूप. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तुपानं असे फोड येत नाहीत, हे त्यांना माहीत होतं आणि खरं तर मलाही माहीत होतं. त्यांनी आत्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना? घाबरू नका. बोलाल ते इथंच राहील."

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मस्तकात तिडीक गेली. माझ्यासाठी चहा न पिता परात घेऊन बसलेली बाई, आणि तिच्याबद्दल हे असं विचारतात. पण डॉक्टरीणबाईंचाही काही दोष नव्हता. त्यांनी आजवर काय काय बघितलं असेल ते त्यांनाच ठाऊक, आणि त्यांनी विचारलं म्हणून मला आजही त्यांच्याबद्दल आदर वाटतो. अडचण एवढीच होती की मलईत काय होतं ते मला सांगता येत नव्हतं. आणि मधलं दार पातळ होतं. काचेतून मला आत्यांची पाठ दिसत होती. एरवी त्या बाकावरही मांडी घालून बसतात. आता दोन्ही पाय खाली सोडून, पदर घट्ट ओढून बसल्या होत्या. त्यांना बाहेर का काढलं ते त्यांना कळलं होतं.

मी म्हटलं, त्यांनाच आत बोलवा. काय आहे ते त्याच सांगतील.

आत्या आल्या आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. तूप काही केल्या पांढरं होईना. लेकराची आग होतेय, आणि आपण फेसतच बसलोय. मग त्यांना टबातलं पाणी आठवलं. तेल आणि पाणी एका क्षणात एकजीव होतं ते. घरात डिपिंग ऑइलचा कॅन होताच. त्यातलं अर्धा चमचा त्यांनी तुपात घातलं. तूप लगेच पांढरं झालं. रोज दिवसभर आपले हात त्यात असतात, आपल्याला काही होत नाही, तर हिला तरी काय होणार, असं त्यांना वाटलं.

डॉक्टरीणबाई सांगलीच्या असूनही त्यांनी बेदाणा फक्त खाल्लेला होता. हे तेल कशासाठी वापरतात, असं त्यांनी विचारलं, आणि या विचारण्यात आता रागही नव्हता आणि संशयही नव्हता. आत्या सांगायला लागल्या. आपलं कामाचं सांगतात तसं, हात हलवत.

"द्राक्षाच्या अंगावर मेणावानी पातळ थर असतोय बाई. त्यो काढायचा. त्यो निघाला म्हंजी साल उघडी पडती, आन् मग आतलं पानी..."

इथं त्या थांबल्या. वाक्य पुरं झालंच नाही. त्यांचा हात हवेत होता तो सावकाश तोंडावर गेला. मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, त्या खाली बघत होत्या. माझ्या कातडीचं आवरण कमजोर आहे, आतलं पाणी उडून जातं, हे त्यांनी याच खोलीत आम्हाला सांगितलं होतं. ते माझ्यापेक्षा आत्यांच्या जास्त लक्षात होतं.

औषधानं माझे फोड बसले, कातडी सोलून नवी आली, तेही वेळेत. मधल्या काळात गावाला विषय मिळाला. डेअरीत दूध घालायला गेलेल्या बायकांनी सुनेला काय लावलं म्हणं, असं सुरू केलं. दुसरी कुणी असती तर झाकपाक केली असती. आत्यांनी विचारील तिला तोंडावर सांगितलं, की मीच भाजली तिला. मला त्याचाही राग यायचा. मी म्हणायचे, असं कशाला सांगता, चूक झाली म्हणा. त्या म्हणायच्या, चुकीनं भाजलं तरी भाजलंच की.

त्यापेक्षाही एक वाईट गोष्ट झाली, ती मात्र गावाला दिसली नाही. आत्यांनी मला हात लावायचं सोडलं. आधी रविवारी त्या माझ्या डोक्याला तेल लावायच्या. माझी आई साताऱ्याला, नवरा सीमेवर, त्यामुळे आठवड्याभरात माझ्या अंगाला मायेनं लागणारा हात तो तेवढाच. आता रविवारी तेलाची वाटी माझ्याजवळ ठेवायच्या आणि काहीतरी निमित्त काढून परसात निघून जायच्या. ताट वाढलं तरी लांबून सरकवायच्या. टबालाही त्यांनी त्या हंगामात हात लावला नाही. शेजारचे बोलवायला आले, तर मामांना पाठवलं. मामांनी माप चुकवलं, शेजाऱ्यांचा बेदाणा काळा पडला, आणि मामा घरी येऊन आमच्यावरच डाफरले.

मला कुणी लांबून सरकवलेलं ताट सोसत नाही. मी एका दुपारी सरळ सांगितलं, आत्या, ते तूप पुन्हा करायचं. त्यांनी मान हलवली. "माझ्या हातानं न्हाई. तुझं तू कर."

बरं, म्हटलं, करते. परात घेतली, तूप घेतलं, पाणी ओतलं आणि तळहातानं फेसायला लागले. पहिल्याच पाण्याला तूप भिंतीवर, चष्म्यावर आणि मामांच्या वर्तमानपत्रावर. मामा म्हणाले, पलटणीत असतीस तर तुला स्वयंपाकघराच्या आसपास फिरकू दिलं नसतं. आत्या दारात उभ्या होत्या. आधी म्हणाल्या, पाणी कमी घाल. मग म्हणाल्या, बोटं नको, तळवा टेकव. मी मुद्दाम चुकवत होते असं कुणी म्हटलं तर ते खोटं आहे, मला खरंच जमत नव्हतं. शेवटी त्यांना राहवेना. त्या मोरीत गेल्या. बेसन लावून, मग साबणानं, मग पुन्हा बेसनानं त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, नखांत काडी फिरवली, हात नाकाशी नेऊन हुंगले, आणि मला बाजूला सारून परातीपुढे बसल्या.

ती दुपार मला फार आवडते. उन्हं होती, कूलर घरघरत होता आणि परातीत एकसारखा चप चप आवाज येत होता. पाणी बदलायचं काम माझ्याकडे होतं आणि मोजायचं कुणाकडेच नव्हतं. तूप पिवळ्याचं फिकं झालं, फिक्याचं पांढरं झालं, आणि या वेळी ते लगेच नाही, त्याच्या त्याच्या वेळानं झालं. शेवटी आत्यांनी परात कलती धरून एकूण एक थेंब निथळू दिला. पाणी राहिलं तर ते नासतं. म्हणून थोडंच करायचं, गरम पाण्यानं धुऊन वाळवलेल्या बरणीत भरायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि वास बदलला की सरळ फेकायचं. फुटलेल्या कातडीला तर ते लावायचंच नाही. हे डॉक्टरीणबाईंनी मला फोनवर सांगितलं होतं आणि आत्यांनी ते पाठ केलं होतं.

पण बरणी भरल्यावर त्यांनी ती मला दिली नाही. स्वतःकडे ठेवली. रोज सकाळी त्या आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथं कातडी पातळ असते तिथं, बोटभर तूप लावायच्या आणि दिवसभर येता-जाता पदर सारून तिथं बघायच्या. त्यांच्या कातडीला काय होणार होतं? कीटकनाशकाचे पंप पाठीला बांधून आयुष्य काढलेली ती कातडी. तरी बघायच्या. मी चिडून म्हटलं, आवं तुमच्यावर बघून काय उपयोग. त्या म्हणाल्या, माझ्यावर आधी होऊ दे.

मे महिन्यात माझी आई आली. तिला फोडांचं उशिरा कळलं होतं आणि कळल्यापासून तिच्या मनात एकच होतं. शाळेला सुट्टी आहे, तर हिला साताऱ्याला घेऊन जावं. तिकडंच राहू दे, बदलीचं बघता येईल, जावई तर असेही बाहेरच असतात. आई भांडकुदळ नाही. तिनं आत्यांना एक शब्द उलटा विचारला नाही, उलट गुळाची ढेप घेऊन आली होती. पण तिनं माझी बॅग स्वतः भरली. आत्यांनीही तिला अडवलं नाही. त्यांनी बॅगेत वरून बेदाण्याची पिशवी ठेवली, वरून साडी झाकली, आणि विहीणबाई जपून जावा, एवढंच म्हणाल्या. जाऊ नको असं मला म्हणायचा आपल्याला हक्क उरला नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि माझा जीव तुटत होता.

एसटीला वेळ होता म्हणून आम्ही पुढच्या ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात मनगटाच्या वर मला गांधीलमाशी चावली. हंगाम संपला तरी शेडच्या गोड वासानं त्या रेंगाळत असतात. आईनं किंकाळीच फोडली. डोळ्यांदेखत हात फुगायला लागला. मामांनी आतून बर्फ आणून कपड्यात धरून लावला, श्वास बरोबर चालतोय ना ते दोनदा विचारलं. चालत होता. आत्या आत गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. बरणी त्यांनी माझ्यापुढे ओट्यावर ठेवली, झाकण उघडलं आणि चार पावलं मागं सरून खांबाला टेकून उभ्या राहिल्या. लावायचं तर मी लावावं, किंवा माझ्या आईनं लावावं. आईचा हात बरणीकडे निघालाही होता.

मी हात पुढं केला, तो आत्यांकडे. म्हटलं, "तुमी लावा."

त्यांनी आईकडे बघितलं. आईनं आपला हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. मग आत्या मोरीत जाऊन हात धुऊन आल्या, पुसले नाहीत, हवेतच वाळवले. माझ्याजवळ बसल्या, आणि एका बोटानं, चावलेल्या जागेच्या कडेकडेनं, ती गार पांढरी मलई लावायला लागल्या. बोट खरखरीत होतं. मला फार बरं वाटलं. गार मलईनं वाटलं असेल, पण त्यापेक्षा त्या बोटानं जास्त. आयुष्यात माझी काळजी घेणारी माणसं मला पुष्कळ मिळाली. माझ्यासाठी स्वतःच्या हाताला भिणारं माणूस एकच मिळालं. त्यांचं देणं मला फेडायचं नाही, मला ते अंगावर बाळगायला आवडतं.

आईनं ते बसून शेवटपर्यंत बघितलं. मग ती उठली, माझी बॅग उचलून आत ठेवून आली आणि आत्यांना म्हणाली, विहीणबाई, मला एवढंसं एका डबीत भरून द्या, तिकडं माझ्या भाच्याच्या बाळाला डास लय चावत्यात. ती एकटीच साताऱ्याला गेली.

आता आम्ही दर महिन्याला थोडं तूप धुतो. आत्या परत टबापाशी उभ्या राहतात, शेजारी परत बोलवायला येतात, पण तूप धुवायच्या दिवशी त्या शेडकडे फिरकत नाहीत. मला चावायचं काही थांबलेलं नाही. संध्याकाळी मी हात पुढं करते, त्या लावतात आणि लावता लावता विचारतात, "जळतंय का गं?" मी न्हाई म्हणते. त्या पुन्हा विचारतात. मी पुन्हा न्हाई म्हणते. तरी त्या माझ्या शब्दावर विसंबत नाहीत. माझा हात आपल्या मांडीवर घेऊन, लाल होतंय का ते बघत, बराच वेळ तशाच बसून राहतात, आणि मी तो काढून घेत नाही.